नायट्रोजनचे दोन कॅन

मी देश सोडला त्या दिवशी वाटेत आम्ही एक म्हैस भरवली.

आमचं गाव मुरगूडजवळ. धाकटा भाऊ रणजित दूध डेअरीकडे कृत्रिम रेतनाचं काम करतो. कुणाची म्हैस माजावर आली की त्याला फोन येतो आणि तो मोटरसायकलला नायट्रोजनचा कॅन अडकवून निघतो. आत धूर सोडणारा थंडगार द्रव नायट्रोजन आणि त्यात बुडवलेल्या रेड्याच्या वीर्याच्या कांड्या. त्या दिवशी मला कोल्हापूरच्या स्टँडवर सोडायला तोच होता. एका बाजूला कॅन, दुसऱ्या बाजूला माझी बॅग, पासपोर्टची पिशवी माझ्या मांडीवर. बिद्रीच्या अलीकडे फोन वाजला. "दादा, पाचच मिनटं," म्हणत त्यानं गाडी एका वस्तीवर वळवली. नवी पँट मळू नये म्हणून मी गोठ्याबाहेरच उभा राहिलो. म्हशीचा मालक आतून ओरडला, "ओ पावणं, बघत काय ऱ्हायलाय? दाव्याला हात लावा की!"

"ऱ्हाऊ दे," रणजित म्हणाला. "ते इंग्लंडला चाललंय."

तो थट्टेनंच बोलला असेल. पण ते वाक्य माझ्याबरोबर विमानात बसलं.

मी तिकडे पीएचडीला गेलो ते प्रोटीनच्या स्फटिकांवर काम करायला. जे जंतू औषधांना दाद देत नाहीत, त्यांच्या अंगात, त्यांच्या भोवतीची भिंत बांधणारं एक प्रोटीन असतं. त्याचा स्फटिक बनवता आला, तर क्ष-किरणांनी त्याचा आकार कळतो. आकार कळला, की त्याच्या खाचेत घट्ट बसून ते बंद पाडेल असं औषध रचता येतं. हे सगळं एका दमात सांगता येतं, पण स्फटिक धरायलाच माझी दोन वर्षं गेली. धरल्यावर ते गोठवून ठेवावे लागतात, द्रव नायट्रोजनमध्ये, अगदी रणजितच्या कॅनसारख्याच कॅनमध्ये. तो हातात धरून काढलेला फोटो मी हौसेनं घरी पाठवला. आबांनी, म्हणजे वडिलांनी, फोनवर विचारलं, "आरं, एवढं शिकून शेवटी म्हशीच भरवाय लागलास व्हय? मग हितं काय कमी हुत्या?"

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. गावाकडच्यांनी वाचावं, आणि माझ्यासारखे जे बाहेर पडले त्यांनीही.

गोठवलेले स्फटिक घेऊन आम्ही सिंक्रोट्रॉनवर गेलो होतो. क्ष-किरणांचं ते प्रचंड मोठं यंत्र, अख्ख्या साखर कारखान्याच्या आवाराएवढं. तिथला वेळ आधी मागावा लागतो. मिळाला तो दिवस हुकला तर पुन्हा कधी मिळेल सांगता येत नाही. माझा पहिला स्फटिक यंत्रावर चढत होता, तेवढ्यात रणजितचा फोन आला. आबांच्या तळपायात गोठ्यातला खिळा घुसला होता. त्यात साखरेचा आजार. पाय गुडघ्यापर्यंत सुजला होता आणि पू तपासला तर बहुतेक औषधं नापास. एक शेवटचं सुरू केलं होतं.

"डॉक्टर म्हणत्यात, उद्यापतूर सूज उतरली न्हाय तर गुडघ्याखाली काढाय लागंल. जमतंय का दादा तुला यायला?"

मी म्हणालो, "आजच मशीन मिळालंय रे. कॅन उघडलाय. तिकीट बघतो."

"नायट्रोजन हाय न्हवं त्यात पुरंसा? मग कर की तुझं काम." फोन बंद झाला.

तिकीट मी बघितलंच नाही. नसतं मिळालं तर गोष्ट वेगळी होती. मी शोधलंच नाही. दिवसभर स्फटिकांचे फोटो घेत राहिलो. दुसऱ्या दिवशी सूज उतरू लागली, आबांचा पाय वाचला. त्याच दिवसाच्या फोटोंवर मला पीएचडी मिळाली. जंतू मारणारं औषध शोधायला गेलेला मुलगा बापाच्या पायात जंतू असताना यंत्रापाशी बसून राहिला, हे मी कुणाला सांगितलं नाही. पुढे नोकरी लागली, संसार झाला, केस पिकले. घरी फोन करताना रणजितचं ते शेवटचं वाक्य मात्र कानात असायचं. तो माझ्यावर कायमचा नाराज आहे, असं मी धरून चाललो. त्याच्याशी बोलताना हवापाण्याच्या पुढं गेलोच नाही. एकुलता एक भाऊ असा हातचा गेला, असंच वाटत होतं.

यंदा गावी गेलो तेव्हा रणजित अंगणात कॅन भरत होता. पांढरा धूर जमिनीवर पसरत होता. मी सवयीनं कॅनचं झाकण धरलं आणि तोंडून निघूनच गेलं, "त्या वेळी मी तिकीट बघितलं नव्हतं."

"कवाचं?"

"आबांच्या पायाच्या वेळचं."

तो ओतायचा थांबला.

"आन् मी तरी कुठं दवाखान्यात हुतो?" तो म्हणाला. "तुला फोन केला तवा मी एका गोठ्यात हुतो. म्हैस तीनदा भरवून उलटलेली, गाभच धरंना, मालक रडकुंडीला आलता. तू म्हणालास कॅन उघडलाय, आन् माझ्या पायाशी माझाबी कॅन उघडा. म्हणून तर नायट्रोजनचं इचारलं! आता तू म्हणशील आबांकडं फोन दे, म्हणून ठेवून दिला. दादानं कधी इचारलं तर काय सांगायचं, ह्याच घोरात हाय मी."

सोप्यातल्या खाटेवरून आबांचा आवाज आला. "दोघंबी नव्हतासा तेच बरं झालं."

आम्ही दोघांनी मान वळवली.

"दवाखान्यात शेजारच्या खाटंवर हुपरीचं पावणं हुतं. चांदीकाम करायचं. त्यांच्या घरनं पांढरा रस्सा आलता. म्हटलं, पाय जायाचाच असंल तर पोटभर खाऊन तरी जाऊ दे. दोन वाट्या प्यालो. तुम्ही असतासा तर पथ्याचा भातच कोंबला असतासा."

"आन् सूज रश्श्यानं उतरली म्हणून गावभर सांगत सुटला!" रणजित म्हणाला.

"मग काय ह्याच्या औषधानं उतरली? ह्याचं औषध अजून कॅनमधीच हाय."

खरंच आहे ते. खाचेत बसणारा एक रेणू आम्हाला सापडलाय. तो औषध होईल की नाही, आजही ठाऊक नाही. पण त्या सकाळी मी इतका हसलो की आई आतून बघायला आली. एवढी वर्षं मला वाटत होतं की घर माझ्या नसण्याकडे बोट दाखवत बसलंय. घरातली माणसं आपापल्या कामाला गेली होती. आबा उठले आणि वैरण टाकायला गोठ्याकडे चालू लागले, दोन्ही पायांनी.

परत निघालो तेव्हाही रणजितच सोडायला आला. बिद्रीच्या अलीकडे फोन वाजला. त्यानं माझ्याकडे बघितलं. "वळव," मी म्हणालो.

माझं घर कुठं, असं तिकडे कुणी विचारलं की मी पूर्वी अडखळायचो. आता त्या गोठ्याचं दार आठवतं. या वेळी मी बाहेर थांबलो नाही. आत गेलो, दावं हाताला गुंडाळलं, म्हशीनं शेपटी मारून शेणाचा पट्टा पँटवर ओढला. मालक रणजितला म्हणाला, "ह्यो नवीन माणूस कवा ठेवलास रं?"

"नवीन न्हाय," रणजित म्हणाला. "आमचा दादा हाय त्यो. ह्याच लायनीतला."