सबब सांगायची नाही

नामदेव गेल्याची बातमी मला घोडेगावच्या स्टँडवर डिंभ्याहून आलेल्या गाडीच्या कंडक्टरनं दिली. "गुरुजी, आपला नामदेव ड्रायव्हर गेला. न्यूमोनिया झाला व्हता म्हनं," एवढं सांगून तो नोंद करायला आत निघूनही गेला. मी तिथेच बाकावर बसलो. रडू आलं नाही, राग आला. चार रविवार हा माणूस आमच्या बैठकीला आला नव्हता, आणि मी इतरांना सांगत होतो की बोललेलं लागलंय त्याला, रुसवा गेला की येईल. ती बातमी कळून आता सात आठवडे झाले. रागाच्या भरात लिहू नये म्हणतात, पण तो उतरायची वाट पाहिली तर हे लिहून व्हायचंच नाही.

नामदेवची सगळी नोकरी एसटीत, डोंगरातल्या गावांना गाड्या नेण्यात गेली. चिखलाच्या वळणावरही गाडी अशी घालायचा, की मागे बसलेल्या बाईच्या मांडीवरची अंडी शाबूत राहायची. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस निवृत्त झाला आणि पुण्याहून एक वापरलेला कॅमेरा घेऊन आला. तोवर मलाही निवृत्तीनंतर हाच नाद लागला होता. घोडेगावचे जुने कंपाउंडर साळवे अण्णा आणि खोडदच्या रेडिओ दुर्बिणीवर तंत्रज्ञ म्हणून काम केलेले बेल्हेकर, असे आम्ही चौघे झालो. दर रविवारी दुपारी माझ्या पडवीत जमायचं, प्रत्येकानं एकच फोटो सतरंजीवर ठेवायचा. बाकीच्यांनी आधी खोट सांगायची, मग गोडी. ज्याचा फोटो त्यानं गप्प बसायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सबब सांगायची नाही. ढग आले, गाडी हलली, मंचरच्या लॅबवाल्यानं प्रिंट बिघडवली… यातलं काही ऐकून घेतलं जायचं नाही. हा नियम माझा. शाळेत पस्तीस वर्षं सबबी ऐकून माझे कान किटले होते, आणि या नियमाचा मला फार अभिमान होता.

पहिली चार-पाच वर्षं नामदेवच्या फोटोंत खोट शोधताना आमची दमछाक व्हायची. माणसं त्याच्यासमोर अवघडत नसत, कारण निम्मा तालुका त्याच्या गाडीतून हिंडलेला. मग त्याचे फोटो हलू लागले. पहिल्यांदा मी म्हणालो, "नामदेवा, श्वास रोखून बटण दाब." पुढे शटरचा वेग वाढवायला सांगितलं. बेल्हेकरांनी आपली तिपाई दिली, तर ती त्यानं पुढच्याच रविवारी परत आणली, "लई जड हाय राव," म्हणून. मग मात्र माझी जीभ सुटली. वर्षभर दर रविवारी मी एकच शब्द टाकत होतो, "हलला." एकदा तर म्हणालो, "घाटात यष्टी चालवणाऱ्याला एवढासा डबा धरता येत नाही होय?" सगळे हसले. तोही हसला.

त्याच सुमारास त्यानं चहा सोडला. फोटो सतरंजीवर टाकला की दोन्ही हात मांडीखाली दाबून बसायचा. साळवे अण्णांनी सगळा जन्म दवाखान्यात काढलेला, आणि बेल्हेकरांची नोकरी आकाशातली बारीकसारीक कुजबुज टिपण्यात गेलेली. आणि मी तर पोराच्या अक्षरावरून त्याला ताप आहे का ते ओळखायचो म्हणून गावभर मिरवणारा. तिघांच्या तिघांनी फोटो पाहिला, हात कुणी पाहिला नाही. गाढवं आम्ही… दुसरा शब्द नाही.

शेवटच्या उन्हाळ्यात त्यानं एक फोटो आणला. डिंभ्याच्या धरणाच्या पाण्यात जाळं फेकणारा माणूस, जाळं हवेत पसरलेलं आणि त्याची गाठन् गाठ मोजून घ्यावी इतकी स्पष्ट. मी वर्षभराची कंजूषी एका दमात फेडली. "सुधारलास बाबा, हा खरा तुझा हात," म्हणालो. तो म्हणाला, "गुरुजी, ह्यो फोटू…" मी त्याला तिथंच तोडलं. आपला नियम, म्हटलं, ज्याचा फोटो त्यानं बोलायचं नाही. त्यानंतर तो आलाच नाही.

तो गेल्यावर घोडेगावात शोकसभा झाली. कुणा पाहुण्यानं त्याचे हललेले फोटो हातात धरून सांगितलं, की ही त्यांची धूसर शैली होती, यात काळाचा प्रवाह दिसतो. मी उठून उभा राहिलो आणि म्हणालो, "फोटो हललेत. त्यालाही ते माहीत होतं. मेल्यावर तरी त्याला फसवू नका." लोकांना वाटलं, म्हातारा मयताशीही भांडतोय. वाटू दे.

दुसऱ्या दिवशी मी डिंभ्याला त्याच्या घरी गेलो. त्याची बायको सगुणावहिनी अंगणात शेंगा निवडत होत्या. जाळ्याच्या फोटोचं मी कौतुक काढलं, तशा त्या सूप बाजूला ठेवून म्हणाल्या, "त्यो मी काढला व्हता, गुरुजी. त्यांनी हुबं ऱ्हायची जागा दावली, आता म्हनले, आन् मी बटन दाबलं. त्यांच्यानं कॅमेरा धरवत नव्हता. कंपवात हाय म्हनून पुण्याच्या डाक्टरनं दोन वर्सामागं सांगितलं व्हतं."

"मग मला का नाही सांगितलं?" माझा आवाज चढला होता.

"मी लई म्हनले, गुरुजींना सांगा. तर म्हनले, आजार कळला की गुरुजी खोट काडायचं सोडतील. उगा वा वा करतील. मग तिथं जायचं कशाला?"

इथं माझा राग दुप्पट झाला. त्यानं माझी परीक्षाच घेतली नाही, परस्पर नापास करून टाकलं. आणि खरं सांगायचं तर निकाल बरोबरच होता. मला कळलं असतं तर मी वा वाच केली असती… त्याचा राग कुणावर काढायचा, हे मला अजून सुचलेलं नाही.

निघताना वहिनींनी पाणी प्यायला आत बोलावलं. त्याच्या खाटेसमोरच्या भिंतीवर एकच फोटो होता, आम्ही कधीच न पाहिलेला. दारात उभ्या असलेल्या वहिनी, हातात कळशी. चेहऱ्याच्या दोन-तीन कडा एकमेकींवर चढलेल्या, कळशी वितळल्यासारखी. इतका हललेला फोटो त्यानं बैठकीत कधी आणला नव्हता.

"हा का नाही आणला कधी?" मी विचारलं.

वहिनींनी पदरानं काच पुसली. "मी म्हनले न्या की. तर म्हनले, बाकी कशाचीबी खोट ऐकीन, ह्याची न्हाई ऐकायची."