रश्मीच्या स्टिकचा वाक

चांदूर बाजारजवळ वांगी-मिरची पिकवणाऱ्या गोवर्धनकडे गावातले लोक कुदळीचे, फावड्याचे दांडे पारखायला आणत. दांडा डोळ्यापुढे धरून, एक डोळा मिटून तो टोकापर्यंत नजर टाकी. बारीकसा वाक दिसला की दांडा बाजूला. दुकानदाराच्या बोलण्यावर त्याचा विश्वास नसे. तो स्वतः भाजी विके. माल कसा खपवतात, ते त्याला ठाऊक होतं.

त्याची मुलगी रश्मी अमरावतीला कॉलेजात होती आणि हॉकी खेळायची. पेनल्टी कॉर्नर मिळाला की चेंडू स्टिकला लावून ओढत आणायचा आणि गोलात भिरकावायचा, हे तिचं खास काम. रविवारी अकोल्याला विद्यापीठाच्या संघाची निवड होती. शनिवारी सकाळी सरावात तिची स्टिक चिरली आणि दुपारी तर अकोल्याची बस. गोवर्धन भाजी घेऊन अमरावतीतच आला होता. तिनं त्याला फोन केला.

"बाबा, दुकानदाराले सांगा, पोरगी कॉर्नर मारते. तो देईन बरोबर. उद्या अकोल्याले घेऊन या."

खेळाच्या दुकानातल्या माणसानं हवी ती स्टिक बरोबर काढलीही. गोवर्धननं ती डोळ्यापुढे धरली आणि त्याच्या कपाळाला आठी पडली.

"हे तं खालून वाकली हाय."

"काका, तो वाक मुद्दाम देतात. कॉर्नरवालीले असीच लागते."

"पडून पडून वाकली असन. मले काहून शिकवून राहिला? माहा जलम गेला दांडे पाहण्यात."

"मंग घ्या तुमच्या मनानं."

गोवर्धननं दुकानातल्या साऱ्या स्टिका पाहिल्या आणि सगळ्यांत सरळ होती ती घेतली.

रविवारी अकोल्याच्या मैदानावर रश्मीनं ती स्टिक जमिनीवर पालथी ठेवली. दांड्याखाली फट दिसते का ते पाहिलं, ती दिसेना.

"दुकानदारानं हेच देली?"

"तो वाकडी देत होता. म्या निवडली."

"बाबा, तो वाकच तं पाहिजे होता. चेंडू त्याच्यात बसते."

तिनं चेंडू स्टिकला लावून ओढून दाखवला. अर्ध्यातच तो निसटला. गोवर्धननं आजूबाजूच्या मुलींच्या स्टिकांकडे पाहिलं.

"कोणाची माग न मंग."

"रूपालीची हाय तसी. पण ते बी कॉर्नरसाठीच आली हाय. मी कसी मागू?"

तो स्वतःच गेला. रूपाली बुटाची नाडी बांधत होती. तिनं ऐकून घेतलं.

"माहा नंबर झाला की देते, काका. पण माही लांब हाय. तिले जड जाईन."

जडच गेली. रूपालीनं दहातले सात गोल केले होते. रश्मीचे चार झाले. एरवी ती आठ करायची. तिनं हात धरून थांबवायच्या आत गोवर्धन निवड करणाऱ्या साहेबांपुढे जाऊन उभा राहिला.

"साहेब, चूक माही हाय. स्टिक म्या आणली. पोरीची काही चूक नाही."

साहेब रागावले नाहीत. "काका, कॉर्नर घेणाऱ्या मुलीनं स्टिक स्वतः पारखून घ्यायची असते. ते दुसऱ्यावर सोडलं, हीच तिची चूक."

रश्मी मागेच उभी होती.

दुपारी यादी लागली. कॉर्नरला रूपालीचं नाव. रश्मीचं शेवटी, राखीव खेळाडूंत. गोवर्धननं ते दोनदा वाचलं.

"राखीव म्हंजे?"

"कोणी जखमी झालं तं बोलावतात."

स्टँडपर्यंत दोघं पायीच गेली. माफी मागावी असं त्याच्या फार मनात होतं. पण मुलीशी तसं बोलायची सवय नव्हती.

"भूक लागली काय तुले?"

"नाही," ती म्हणाली. मग थोडं पुढं गेल्यावर, त्याच्याकडे न बघता, "तुमी खाऊन घ्या. सकाळपासून उपाशी हाय."