गवताची माती, माडांचं शेण

पावसाळा सरला की मी डिचोलीहून निघते आणि पेडण्यातल्या दूधवाल्यांच्या गवताच्या जमिनींत लोखंडी नळी ठोकत फिरते. मातीत सेंद्रिय कर्ब किती साठला, किती गेला, हे मोजायचं माझं काम. वर वीतभर माती, खाली कातळ, हातात घण आणि कंबरेत चमक. सुरुवातीला मला या कामाचा अभिमान वाटायचा. आता निव्वळ कंटाळा येतो.

पार्से गावातल्या एका म्हाताऱ्या विधवा बाईंकडे मात्र मी मुद्दाम शेवटी जाते. दोन गायी, त्यांच्यापुरता गवताचा तुकडा, आणि न मागता पुढे येणारा चहा नि पोदेराकडचे, पाववाल्याकडचे, गोल उंडे. दर वर्षी त्यांच्या मातीतला कर्ब उतरत होता. कमरेला लागणारं गवत गुडघ्यावर आलं होतं. असंच चाललं तर एक गाय विकावी लागणार, हे त्यांनाही दिसत होतं.

"अवंदा तरी बरी आसा काय गे माती?" यंदा गेले तेव्हा त्यांनी विचारलं.

"कशी असेल, मावशी? गवत कापून गायींना घालता आणि शेण सगळं माडांना. या मातीला परत काय मिळतं?" मी जरा चिडूनच बोलले. हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं होतं.

घरच्या वाटण्या झाल्या तेव्हा गोठा त्यांच्याकडे आला, माड दिराकडे गेले. शेण मात्र पूर्वीसारखं माडांच्याच बुंध्याशी जात राहिलं.

"तू सांगतंस तां माका समाजता," त्या म्हणाल्या. "पण शेण बंद केलां, तर दीर दारात कित्याक येतलो?"

तेवढ्यात दीर टोपली घेऊन आलेच. तेही म्हातारे. माझ्याकडे न बघता त्यांनी शेण भरलं आणि मग उगाच जरा रेंगाळले.

"वयनी, गुडघो कसो आसा? झोप लागली मां?"

"लागली."

एवढंच. टोपली डोक्यावर घेऊन ते गेले. त्या दारात दुसरं कोणी येत नसे. मला एकदम फार वाईट वाटलं, त्यांचं आणि माझ्या शहाणपणाचंही.

मी नळी पुसली, मातीची पिशवी बांधली. कर्ब यंदाही उतरलेला निघणार, हे मोजण्याआधीच ठाऊक होतं. पुढल्या वर्षी मी पुन्हा येईन, पुन्हा नळी ठोकीन. शेणाचं मात्र आता काही बोलणार नाही.