बाबांच्या डीव्हीडीवरचा लाल ठिपका

मंडळी, ऐका. बाबा गेले, त्यांच्या आवाजाची ही एकच डीव्हीडी उरलीय. आज लॅपटॉपच्या लिनक्सवर तिची इमेज फाइल, म्हणजे हुबेहूब कॉपी, करायला बसलो, तर दर वेळी एकाच जागी 'इनपुट/आउटपुट एरर'! स्पीड कमी केला, ड्राइव्ह बदलला. तेच.

शहरातल्या कॉम्प्युटरच्या दुकानदारानेही हात टेकले. "भाईसाहब, डिस्क तो गई समझिए."

घरी येऊन ती उजेडात धरली. चकचकीत बाजूवर लाल ठिपका!

"आई, हे काय?"

"खंडेनवमीला तुझ्या लॅपटॉपसोबत हिचीही पूजा केली. कुंकू लावलं."

ओल्या मऊ फडक्याने हळूच पुसलं. पुन्हा कॉपी लावली. ती जागा येईपर्यंत दोघांनी श्वास रोखला होता.

कॉपी पूर्ण झाली, फाइल उघडली. बाबा बोलले. आईने डोळे पुसले आणि स्क्रीनवरच्या फाइलकडे बघत विचारलं, "आता कुंकू कुठे लावायचं?"