विचारणाऱ्याने उत्तर द्यायचं नाही

चष्मेवाल्या ताई दिवसभर दुकानात गिऱ्हाइकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलत विचारायच्या, "आता? आणि आता?" घरीही तेच. दर शनिवारी तिघं जेवायला येत, ताई एक प्रश्न टाकत आणि ताटं रिकामी होईपर्यंत गप्पा त्याच्याचभोवती फिरत. नियम एकच, तोही ताईंचाच: विचारणाऱ्याने उत्तर द्यायचं नाही. नवरा गेल्यावर कोणी खोदून विचारू नये म्हणून काढलेली ती पळवाट होती. पाहुण्यांनी तिचा कायदा करून टाकला.

आता ताई थकल्या होत्या. परगावच्या धाकट्या बहिणीचा रोज फोन यायचा. "ताई, माझे गुडघे गेलेत गं. ये ना इकडेच राहायला. का त्या शनिवारवाल्यांशी लग्न लावलंयस?" ताईंना जायचं होतं, अगदी मनापासून. पण या तिघांना सांगायचं कसं? आपलेच दात, आपलेच ओठ. शेवटी त्यांनी ठरवलं, प्रश्नच असा टाकायचा की विषय आपसूक निघेल.

"कोणती गोष्ट आता बंद करावीशी वाटते?" भात वाढता वाढता त्यांनी विचारलं.

"रात्रपाळी!" नर्सबाई म्हणाल्या. "सगळं सोडेन, पण हा शनिवार नाही. आठवडाभर नुसत्या सूचना देते. बोलते ती इथेच."

"मी तर अख्खा आठवडा बंद करीन," निवृत्त पोस्टमास्तर म्हणाले. "शनिवार तेवढा राहू द्या!"

शेजारचे सुतारदादा एरवी मूग गिळून बसायचे. ते पेला फिरवत म्हणाले, "ही गेल्यावर मी गोळ्या बंद केल्या होत्या, ब्लडप्रेशरच्या. म्हटलं, कुणासाठी घ्यायच्या? मग इथे यायला लागलो. आता घेतो."

ताईंचा हात भाताच्या पातेल्यातच राहिला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं.

नर्सबाईंनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "ताई, आज तुम्हीही सांगा ना. तुम्हाला काय बंद करावंसं वाटतं?"

इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच कोणी विचारत होतं. ताईंनी तोंड उघडलं.

"अंहं!" मास्तरांनी बोट नाचवलं. "विचारणाऱ्याने उत्तर द्यायचं नाही. नियम म्हणजे नियम!"

सगळे हसले. कधी नव्हे ते सुतारदादाही मोठ्याने हसले. मग ताईही हसल्या.

आतल्या खोलीत फोन वाजायला लागला. या वेळी बहिणीचाच असणार. ताईंनी तो वाजू दिला.

"आणखी कोणाला वाढू?" त्यांनी विचारलं.