सासऱ्यांना तळ्यावर नेलं तेव्हा

सुनेच्या मागे मोटरसायकलवर बसणार नाही, हे सासऱ्यांनी जर्मनीत, गार्चिंगच्या आमच्या फ्लॅटच्या दारातच जाहीर केलं. कारण सांगितलं नाही, पण मला कळलं. वळणावर पुढच्याला धरावं लागतं, आणि सुनेची कंबर धरायची म्हणजे काय! जन्मभर कॉलेजात गणित शिकवलेला माणूस, बसमध्येसुद्धा माझ्या शेजारची जागा सोडून मागे जाऊन बसायचा. म्हटलं, बरं, तुमची मर्जी.

आमच्या इन्स्टिट्यूटमधल्या मोटरसायकलवाल्यांचा सात-आठ जणांचा गट होता. म्होरक्या म्हणजे वर्कशॉपचा प्रमुख, निवृत्तीला टेकलेला अगडबंब बव्हेरियन. त्याच्या गाडीला मागे चक्क पाठ टेकायची सोय. तो म्हणाला, हेर प्रोफेसर, म्हणजे प्रोफेसरसाहेब, माझ्या मागे बसतील; थांबावंसं वाटलं तर माझ्या खांद्यावर दोनदा थोपटायचं. सासरे खूश. परक्या पुरुषाच्या मागे बसायला त्यांची काही हरकत नव्हती.

खरं तर मला त्यांना कसंही करून घराबाहेर काढायचं होतं. हिवाळ्यात सासूबाई झोपेतच गेल्या. उन्हाळा लागताच नवऱ्याने बाबांना तीन महिन्यांसाठी इकडे आणलं आणि स्वतः प्रोजेक्टपायी दूर उत्तरेला ब्राउनश्वाइगला जाऊन बसला, रविवारीसुद्धा. बाबा सकाळी खिडकीशी बसत ते संध्याकाळी उठत. मी काही विचारलं की "ठीक आहे गं." नवरा फोनवर दोनच गोष्टी बजावायचा. बाबांना एकटं ठेवू नकोस, आणि शुगरची गोळी घेतल्यावर त्यांचं जेवण चुकवू नकोस. गोळी पोटात आणि अन्न नाही, म्हणजे साखर उतरते आणि माणूस पडतो. हे मला तो शंभरदा ऐकवायचा, जशी काही मी दूधखुळी.

म्हणून पहाटे उठून तिखटमिठाच्या पुऱ्या तळल्या, बटाट्याची कोरडी भाजी केली, लसणाची चटणी घेतली. बव्हेरियातल्या उघड्यावरच्या बिअरगार्टनमध्ये घरचा डबा न्यायला मुभा असते, त्यामुळे प्रश्न नव्हता. श्लीअरझेच्या तळ्याकाठी चेस्टनटच्या झाडांखाली टेबल मिळालं. पाणी असं स्वच्छ की बाबा बूट काढून काठावर जाऊन उभे राहिले. मला जरा बरं वाटलं.

डबा त्यांच्यापुढे उघडून ठेवला. गोळी माझ्यासमोर घेतली त्यांनी. इतक्यात गटातला एक पीएचडीवाला म्हणाला, तुझी चेन ढिली झाली आहे, अशीच चालवलीस तर वाटेत उतरेल. मग आम्ही दोघं पार्किंगमध्ये गेलो. चेन ताणून, हात काळे करून परत आले तर डबा लख्ख. म्होरक्या बोटाने चटणी पुसून खात होता आणि डोळ्यांतून पाणी काढत हसत होता.

मी विचारलं, "बाबा, जेवलात ना?"

"झालं गं," ते म्हणाले.

मला काय ठाऊक? रिकामा डबा दिसला की आपण समजतो माणूस जेवला. त्यांनी एकेकाला आग्रह करकरून सगळ्या पुऱ्या वाढल्या होत्या. जर्मन माणसाला आग्रह माहीत नाही. दिलं की तो खातो, आणि पाहुणा म्हणाला माझं झालं, तर झालं.

परत निघालो. आमच्या गटाची रीत अशी की म्होरक्या पुढे, आणि नवशिका त्याच्या लगेच मागे. नवशिकी मी. म्होरक्याला कुणी ओलांडायचं नाही, हा तर देवाचा नियम. त्यामुळे वाटभर माझ्यासमोर बाबांची पाठ होती. उसनं घेतलेलं ढगळ जाकीट, आणि त्यावर लाल हेल्मेट.

थोड्या वेळाने हेल्मेट डुलायला लागलं. मला हसू आलं. दुपारी झोपल्याशिवाय आमच्या बाबांचा दिवस पुढे सरकत नाही, ही त्यांची वेळच होती. मग त्यांचा उजवा हात सीटच्या कडीवरून सुटला आणि लोंबायला लागला. वळण आलं तरी तो वर गेला नाही.

एकदम सगळं समजलं. तो लख्ख डबा, ते "झालं गं", सगळं.

मी हॉर्न वाजवला. म्होरक्याने डावा हात काढून झोकात हलवला. त्याला वाटलं, बाई मजेत आहे. मेल्या, मागे बघ! मी हेल्मेटच्या आत ओरडत होते, मराठीत, जर्मनमध्ये, कशातही. ऐकणार कोण? बाबा डावीकडे कलत होते. मधल्या पांढऱ्या रेघेकडे, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे. देवाला हाका मारायची मला सवय नाही, पण त्या दिवशी तेहतीस कोटींना एकदम मारल्या. नवऱ्याला काय सांगू? आई गेली, आता बाबाही घालवले, रस्त्यावर, माझ्या डोळ्यांदेखत?

मी गाडी डावीकडे काढली. समोरून दुधाचा टँकर येत होता. मी नुसता वेग दिला, शेजारी पोचले आणि हात खाली वर खाली वर करत राहिले, थांब, थांब. टँकर भोंगा वाजवत आला तशी कशीबशी म्होरक्याच्या पुढे घुसले. तो चिडला असणार, पण त्याने मागे हात घालून बाबांना चाचपलं, तसंच धरून ठेवलं आणि गाडी हळूहळू गवतात घेतली.

मी माझी गाडी सोडून दिली. पडली, आरसा फुटला, मसणात जाऊ दे म्हटलं. बाबांना दोघांनी खाली घेतलं. हेल्मेट काढलं तर चेहरा घामाने निथळत होता आणि डोळे उघडे असून माझ्याकडे बघत नव्हते. मी "साखर, साखर" ओरडत सुटले, जर्मनमध्ये त्सुकर म्हणायचंसुद्धा सुचेना. पीएचडीवाल्याने खिशातून ग्लुकोजच्या वड्या काढल्या. मी एक चुरडून ओली केली आणि बाबांच्या गालाच्या आत बोटाने चोळत राहिले. कुणीतरी अ‍ॅम्ब्युलन्सला फोन केला. मी चोळत राहिले. बाबा, उठा हो. बाबा, तुमच्या पाया पडते. किती वेळ गेला ते मला आजही सांगता येणार नाही. मला फक्त त्यांचं गार तोंड आठवतं.

मग त्यांनी गिळलं. पुन्हा एकदा गिळलं. डोळे फिरले आणि माझ्यावर येऊन थांबले. म्होरक्या गुडघ्यांवर बसून रडत होता, एवढा मोठा माणूस.

जीव भांड्यात पडला तसा माझा राग उसळला. म्हटलं, इतकी वर्षं शुगर आहे तुम्हाला, हात थरथरायला लागले ते समजलं नाही? म्होरक्याच्या खांद्यावर दोनदा थोपटायचं ठरलं होतं ना?

"समजत होतं," ते म्हणाले. आवाज जेमतेम येत होता. "टेबलावरच समजत होतं. म्हटलं, असंच मागे बसल्या बसल्या जावं. ती गेली तशीच, झोपेत. कुणाला त्रास नाही."

मराठी कळणारं तिथे दुसरं कुणी नव्हतं. सगळे आपले बाबा बोलले म्हणून हसत होते, एकमेकांना मिठ्या मारत होते. मी गवतात तशीच बसून राहिले.

म्होरक्याने त्याच्या पिशवीतला ब्रेझनचा, म्हणजे खारट पावाचा, तुकडा पुढे केला. मी तो मोडून बाबांच्या ओठांशी नेला. ते मान फिरवून म्हणाले, नको.

"मी विचारत नाहीये, बाबा," मी म्हटलं. "तोंड उघडा."

मग त्यांनी तोंड उघडलं, आणि चावता चावता माझं मनगट घट्ट धरलं.