प्लॉटवरची पोरं

कोल्हापुरात शाहूपुरीत माझं बेअरिंगचं दुकान आहे. दुपारी जेवणानंतर गिऱ्हाईक फिरकत नाही. मग शेजारचा रंगवाला दिलीप चहाचे कप घेऊन येतो आणि काल पोरांनी काय केलं ते विचारतो. पोरं म्हणजे माझी मुक्ता आणि तिचा धाकटा भाऊ रणू. मुक्ता तिसरीत, रणू पहिलीत. असे किस्से काय मी जमवायला जात नाही. संध्याकाळी पोरं खेळून आली की ते मातीबरोबर घरात येतात. माती सुजाता झाडून काढते, किस्से माझ्याकडं राहतात. दिलीपला वाटतं यातलं निम्मं मी दुकानात बसून रचतो. त्याची मुलगी आता इंजिनिअरिंगला आहे. माणूस विसरतो हो.

*

आम्ही राहतो कळंब्यात, जेलसमोर. मुक्ताच्या युनिट टेस्टला प्रश्न आला, सूर्य कुठे उगवतो? आमच्या बाईसाहेबांनी लिहिलं, 'जेलच्या मागे.'

मार्क शून्य. मुक्ताचं म्हणणं, ती रोज सकाळी शाळेच्या रिक्षाची वाट बघत उभी असते आणि रोज तिथनंच उगवतो, तर चूक कसं? मला ते पटलं. ओपन डेला मी पेपर घेऊन मॅडमसमोर बसलो आणि म्हटलं, पोरीनं निरीक्षण केलंय, अर्धा मार्क तरी द्या.

मॅडम गगनबावड्याच्या. त्यांनी पेपर बघितला, माझ्याकडं बघितलं.

"तुमच्यात उगवतोय तरी. आमच्या गावात पावसाळाभर सूर्य उगवतच न्हाय. म्हणून मी काय तसं लिहून आलते का परीक्षेत?"

अर्धा मार्क काही मिळाला नाही.

*

त्याच शाळेत मधल्या सुट्टीआधी एक तास फक्त इंग्लिश बोलायचं असतं. मराठी शब्द निघाला की फळ्यावर नाव. पोरं काही कमी नाहीत. 'ही इज पुशिंग मी की', 'आय डोन्ट वॉन्ट की', 'गिव्ह मी रबर की'. वाक्य इंग्लिश, शेपूट कोल्हापूरचं.

एकदा मुक्तानं हात वर करून विचारलं, "मॅम, मे आय गो टू टॉयलेट की?"

इंग्लिशच्या मॅम नवीन होत्या, सांगून सांगून दमल्या होत्या. त्या म्हणाल्या, "अगं, की म्हणायचं न्हाय म्हटलं की!"

सगळा वर्ग उठला आणि फळ्यावर मॅमचं नाव लिहून आला.

*

आमच्या घरासमोर रिकामा प्लॉट आहे. मालक पुण्यात. वर्षातनं एकदा येऊन प्लॉट जागेवर आहे ना बघून जातो. बाकी तिथं पोरांचंच राज्य.

गेल्या वर्षी शेजारच्या माने काकांनी वरचा मजला बांधायला काढला आणि वाळूचा ढीग या प्लॉटवर टाकला. पोरांना आयता आखाडा मिळाला. आता माझे वडील तरुणपणी तालमीत जायचे. त्यांनी कौतुकानं पोरांना सांगितलं की आखाड्याच्या मातीत हळद घालतात, तेल घालतात, ताक घालतात, म्हणजे पैलवानाच्या अंगाला माती बाधत नाही.

त्या दिवशी कॉलनीतल्या कुठल्याच घरात जेवताना ताक मिळालं नाही. सुजाताच्या मसाल्याच्या डब्यात हळदीची वाटी चाटूनपुसून रिकामी. आम्ही एकमेकांवर संशय घेऊन झोपलो.

सकाळी गवंडी आला. फावडं मारलं, थांबला, वास घेतला. वाळू पिवळी. मग त्यानं माने काकांना हाक मारली आणि अगदी शांतपणे विचारलं, "मालक, भिंत बांधायची हाय का कढी करायची हाय?"

माने काका पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. वाळू वाया कशी घालवायची म्हणून तीच धुऊन वापरली. काकू मात्र अजून सांगतात, सगळ्या घरात मुंग्या होतात, त्या एका भिंतीला होत नाहीत.

*

प्लॉटच्या कडेला जांभळाखाली राऊमामा त्याची म्हैस बांधतो. पोरांचं क्रिकेट चालू असताना ती मधेच असते. हलत नाही, म्हणून पोरांनी तिला टीममध्ये घेतली. चेंडू सरळ म्हशीला लागला की आउट, टप्पा पडून लागला तर नाही.

एका रविवारी त्यावरनंच भांडण लागलं. मुक्ता म्हणत होती टप्पा पडला, बाकीचे म्हणत होते नाही. आवाज ऐकून राऊमामा काठी घेऊन आला. मी गॅलरीत होतो. म्हटलं, आता गेली बॅट. दुभत्या जनावराला चेंडू मारलेला कोण ऐकून घेईल?

राऊमामानं म्हशीच्या पाठीवरनं हात फिरवला, चेंडूचा डाग बघितला, जमिनीवरची खूण बघितली. मग काठी वर करून निकाल दिला, "टप्पा हाय. खेळा."

दुसऱ्या दिवशी बघतो तर म्हैस जांभळाखाली नाही, पार पलीकडच्या अंगाला बांधलेली. मी विचारलं, मामा, पोरांचा त्रास होतोय का?

"न्हाय ओ. लेगला लई मोकळं पडत होतं."

*

शाळेच्या क्रीडा दिनाला रणू लिंबू-चमच्यात होता. आम्ही दोघं पुढच्या खुर्च्यांत, सुजाताचा मोबाइल शूटिंगला तयार. रणू चक्क पुढं होता. तेवढ्यात मागं त्याचा मित्र अथर्व पाय अडकून पडला आणि रडायला लागला. रणू थांबला. वळला. रेषा समोर दिसत असताना माघारी मित्राकडं निघाला.

माइकवर खेळाचे सर होते. म्हणाले, पालकहो, बघा, मेडल येतात आणि जातात, पण या चिमुकल्यानं आज आपल्याला खिलाडूवृत्ती शिकवली. टाळ्या सुरू झाल्या. सुजाताच्या डोळ्यांत पाणी. माझीही छाती फुगलीच, खोटं का बोला.

रणू अथर्वजवळ गेला. वाकला. त्याच्या पोटाखाली हात घालून त्याचं लिंबू काढलं, आपल्या चमच्यात ठेवलं आणि परत रेषेकडं चालायला लागला. त्याचं स्वतःचं लिंबू मघाशीच पडलं होतं, ते आमच्यापैकी कुणी बघितलंच नव्हतं.

माइकवर दोनदा टकटक झाली. मग सर म्हणाले, "पालकांनी मैदानात येऊ नये."

*

आता हा शेवटचा. हा ऐकताना दिलीपसुद्धा चहा खाली ठेवतो.

उसाचा सीझन होता. संध्याकाळी प्लॉटवर लपंडाव चालला होता, राज्य मुक्तावर. दिवे लागायच्या वेळेला बाकीची पोरं घरी आली, रणू आला नाही. मुक्ता दारात येऊन म्हणाली, "पप्पा, रणू सापडंना."

आधी आम्ही हसलो. मग जिने बघितले, गच्च्या बघितल्या, पाण्याच्या टाक्यांची झाकणं उघडून बघितली. एकच टाकी दुसऱ्यांदा उघडली तेव्हा कळलं की आपण घाबरलोय. कुणीतरी हळूच म्हणालं की कळंबा तलावाकडं पण एकदा बघून या. सुजातानं ते ऐकलं आणि ती पायरीवर बसली. मुक्ता तिला चिकटून एकच सांगत होती, मी मध्येच मोजणं सोडून बाथरूमला गेलते, माझ्यामुळं हरवला.

कोपऱ्यावरचा चहावाला म्हणाला, मघाशी इथं उसाची एक रिकामी ट्रॉली थांबली होती. पोरं तिच्या आजूबाजूला पळत होती. ड्रायव्हर त्याच्या ओळखीचा. त्यानं लगेच फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. ड्रायव्हर तेव्हा गावाबाहेर पुईखडीच्या पुढं पोचला होता. त्याला ट्रॅक्टर थांबवून मागं बघायला सांगितलं. आम्ही सगळे त्या फोनकडं बघत उभे.

"हाय ओ, एक पोरगं हाय," ड्रायव्हर म्हणाला. "ताडपत्रीखाली बसलंय. पण बोलत न्हाय. मुकं हाय का?"

मी म्हटलं, त्याच्या कानाला फोन लावा. लावला. रणू, पप्पा बोलतोय, असं मी तीन-चारदा म्हटलं. पलीकडनं नुसता श्वास. आणि मग अगदी बारीक आवाज आला.

"पप्पा, मुक्ताला सांगू नका."

मी मोटारसायकल काढली. सुजाता मागं बसली, मुक्ता मधे. मुक्ताचं रडणं माझ्या शर्टाला पाठीवर लागत होतं.

ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला उभा होता. ड्रायव्हर बिचारा हात जोडूनच उभा, म्हणाला, मला ठाऊकच न्हवतं, देवाशपथ. पोरगं काय खाली उतरंना, बिस्कीट दाखवलं तरी उतरंना. मी ट्रॉलीवर चढायच्या आत मुक्ता चढली. ताडपत्री उचलली, तर खाली कुणी नाही. ती तशीच मटकन बसली आणि तोंडावर हात घेऊन हंबरडा फोडला.

आमची गाडी दिसताच गुपचूप खाली उतरलेला रणू ट्रॉलीच्या मागच्या चाकाआडनं निघाला. आम्हाला बघून त्यानं तोंडावर बोट ठेवलं. फळीवर पाय देऊन वर चढला, पाय न वाजवता मुक्ताच्या मागं गेला आणि तिच्या पाठीत दणकन हात हाणला.

"धप्पा!"

मुक्तानं मागं बघितलं. त्याला धरलं, त्याची मानगूट दाबली, त्याच्या केसांत तोंड खुपसून अजून थोडं रडली. सुजाता त्याला मारायला म्हणून वर चढली होती, तीही रडायला लागली. रणूनं थोडा वेळ सगळं सहन केलं. मग दोघींच्या मधनं तोंड बाहेर काढून बहिणीला म्हणाला, "चल, राज्य परत तुझं."

मुक्तानं फ्रॉकला नाक पुसलं. ट्रॉलीच्या फळीकडं तोंड केलं, डोळ्यांवर हात ठेवले आणि एकपासनं मोजायला लागली.

ड्रायव्हरनं गुपचूप ट्रॅक्टरची चावी काढून खिशात घातली.